राखीव गड्याचा हिशेब

कॅन्सस सिटीच्या उपनगरात राहायला आल्यापासून एक भांडण मी दरवर्षी ऐकतो. इथल्या चीफ्स या अमेरिकन फुटबॉल संघाने तिशी ओलांडलेला एखादा ऑफेन्सिव्ह लाइनमन राखीव म्हणून घेतला, की ऑफिसात आणि आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, 'म्हातारे कशाला गोळा करताय? पोरांना खेळवा, पोरं शिकतील.' दुसरा म्हणतो, 'अनुभव बाजारात मिळत नाही, मिळतोय तोवर घ्या.' २०२४च्या नोव्हेंबरअखेर डी. जे. हम्फ्रीजला घेतलं तेव्हा हा वाद जरा जास्तच तापला. मग फेब्रुवारीत चीफ्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, हरले, त्यांचा चेंडू फेकणारा पॅट्रिक माहोम्स सहा वेळा पाडला गेला, आणि पहिल्या तटाने आपण जिंकलो असं जाहीर करून टाकलं. 'हम्फ्रीजला घेऊन काय मिळालं?' हा प्रश्न महिनाभर ग्रुपवर फिरत होता, आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच होतं.

मला वाटतं, दोन्ही तट वयावर भांडतायत आणि वयाचा इथे संबंध थोडकाच आहे. राखीव गडी घेण्याआधी एकच गोष्ट विचारावी. पहिल्या पसंतीचा गडी पडला, तर त्याच्यापायी आणखी किती जणांना आपली जागा सोडावी लागेल? ज्या माणसामुळे 'एकालाही नाही' असं सांगता येतं, तो कितीही पैसे घेऊन आला तरी स्वस्तच पडतो. असा माणूस बहुधा चार संघ फिरून आलेला जुना खेळाडू असतो, पण असलाच पाहिजे असं नाही. आणि तो हंगामाआधी, मे महिन्यात घ्यायचा असतो. ऐन हंगामात, नोव्हेंबरात, आपल्या पसंतीचा मिळत नाही, उरलेला मिळतो.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसं उभी असतात, हेच ऑफेन्सिव्ह लाइनमन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच, बाकी चौघांचा सामनाभर चेंडूशी संबंध येत नाही. त्यांनी समोरून येणाऱ्यांना दोन-तीन सेकंद अडवायचं, तेवढ्यात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. त्याआधीच तो खाली पाडला गेला तर त्याला सॅक म्हणतात. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक फेकायला वळला की डावी बाजू त्याच्या पाठीमागे जाते, म्हणून डावा टॅकल ही सगळ्यात नाजूक जागा. आपल्याकडे कबड्डी खेळलेल्या माणसाला याहून जास्त समजावायला नको. कोपऱ्यातला गडी आणि त्याच्या शेजारचा हात धरून उभे असतात, आणि त्या साखळीला चढाई करणारा घाबरतो तो त्या धरलेल्या हातांमुळे. कोपरा बाद झाला म्हणून मधल्याला कोपऱ्यात उभं केलं, तर कोपराही कच्चा राहतो आणि मधली जागाही.

लोक राखीव लाइनमनला 'स्टेपनी' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. स्टेपनीला उरलेल्या तीन चाकांच्या खोडी माहीत असाव्या लागत नाहीत, तिने गोल असलं की झालं. इथे समोरचे दोघं पळता पळता आपापसात वाटा बदलतात. त्या क्षणी गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. बोलायला वेळ नसतो. शेजारच्याचा खांदा कुठे आहे, त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, हे अंगाला कळावं लागतं. आमच्या अ‍ॅरोहेड मैदानावर तर २०१४ साली १४२.२ डेसिबलचा गोंगाट मोजून विक्रम नोंदवला गेला होता. तिथे पाहुण्या संघाच्या लाइनला क्वार्टरबॅकचा आवाजच येत नाही, गार्ड मागे बघून सेंटरला हाताने टकटक करतो आणि बाकीचे चेंडूकडे डोळे लावून असतात. एवढ्या खुणांवर चालणाऱ्या कामात माणसं इकडची तिकडे केली, तर काय होईल?

काय होतं ते ७ फेब्रुवारी २०२१ला टॅम्पामध्ये, टॅम्पाच्याच संघाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, जगाने पाहिलं. चीफ्सचा उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ ऑक्टोबरपासून पाठीच्या दुखण्याने बाहेर होता. उजवा गार्ड लॉरां दुवर्ने-तार्दिफ शिकलेला डॉक्टर. कोविडच्या त्या हंगामात तो खेळायलाच आला नाही, मॉन्ट्रियलकडच्या एका शुश्रूषा केंद्रात कामाला गेला. (ग्रुपवर त्याच्याबद्दल कुणी कधी वाकडं बोललं नाही, हे आमच्या मंडळींच्या बाजूने नोंदवून ठेवतो.) तरीही संघ रेटत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्याच्या आधीच्या सामन्यात डावा टॅकल एरिक फिशरच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. पडला एक माणूस आणि बदलल्या तीन जागा. श्वार्ट्झच्या जागी उजवीकडे खेळणारा माइक रेमर्स डावीकडे गेला, गार्ड अँड्र्यू वायली उजवा टॅकल झाला आणि वायलीच्या जागी स्टेफन विस्निएव्स्की आला. माहोम्सवर त्या रात्री २९ वेळा दबाव आला, सुपर बोलच्या इतिहासात तोवर कुणावर एवढा आला नव्हता. तो मागे पळत होता, आडवा होऊन चेंडू फेकत होता. चीफ्स ३१-९ने हरले. डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे काय, हे ज्यांना किरकोळ वाटतं त्यांनी जन्मभर उजव्या हाताने जेवून एके दिवशी, तेही लग्नाच्या पंगतीत, डाव्या हाताने वरणभात कालवून बघावा. पाय उलटे, हात उलटे, वजन उलटं.

इथे पहिल्या तटाचा सगळ्यात जोरदार मुद्दा येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. रेमर्स स्वतःच जुना, राखीव म्हणून आणलेला टॅकल होता! २०१६च्या सुपर बोलमध्ये कॅरोलायनाकडून उजव्या बाजूला तोच होता आणि त्या दिवशी समोरून हल्ला करणारा व्हॉन मिलर सामनावीर ठरला होता. म्हणजे चीफ्सकडे अनुभवी राखीव गडी होता आणि तरीही ते हरले. मग अनुभवाचं काय घेऊन बसलात? मुद्दा खरा आहे, पण त्यातली एक पायरी गाळलेली आहे. राखीव गडी ज्या दिवशी जागेवर उभा राहिला, त्या दिवसापासून तो राखीव राहिला नाही. श्वार्ट्झ गेल्यावर रेमर्सने त्याचं काम नीट निभावलं, हंगाम वाया गेला नाही. पण रेमर्सची जी जागा रिकामी झाली ती त्याच तोलाच्या टॅकलने भरली गेली नाही. जानेवारीत फिशर पडला तेव्हा बाकावरून उठून नुसतं डावीकडे उभं राहील असा माणूसच नव्हता. छत्री हरवली म्हणून घरातली दुसरी घेऊन बाहेर पडलो, तर घरात आता छत्री नाही हे पावसाआधी कळलेलं बरं.

जागा हलवण्याची ही खोड जुनी आहे. १८ नोव्हेंबर १९८५च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमनचा पाय प्रतिस्पर्धी लॉरेन्स टेलरखाली मोडला. अमेरिकेतल्या एका पिढीच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य अजून हटत नाही, थाइझमन पुन्हा कधी खेळला नाही. त्या रात्री वॉशिंग्टनचा नेहमीचा डावा टॅकल जो जेकोबी जखमी होता आणि त्याच्या जागी रस ग्रिमला, म्हणजे मुळातल्या गार्डला, नेलं होतं. ग्रिम हा त्या काळच्या सर्वोत्तम गार्डांपैकी एक, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. मोडलेल्या पायाचा दोष त्याच्या माथी मारणं अन्याय होईल. फसवा डाव होता, तो फसला, आणि टेलरला कोण कोण अडवू शकलं होतं? शिवाय वॉशिंग्टनने तो सामना २३-२१ असा जिंकला. तरी संघाने हिशेब कसा केला होता ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडचा उत्तम गार्ड 'तसाही चांगला खेळाडू आहे' म्हणून टॅकल होऊ शकेल असं त्यांनी धरलं. चांगला माणूस कुठेही चांगलाच, हा समज कचेऱ्यांतही फार असतो.

आता उलटं उदाहरण. २०१७च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फिया ईगल्सचा डावा टॅकल जेसन पीटर्स गुडघ्याच्या दुखापतीने हंगामभरासाठी गेला. उजव्या बाजूला लेन जॉन्सन हा तेव्हा देशातला बहुधा सर्वोत्तम उजवा टॅकल होता. त्याला डावीकडे न्या, असा गलका झाला. प्रशिक्षक डग पीडरसनने त्याला हलवलं नाही. डावीकडे हालापुलिवाती वायटाई नावाचा, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) उशिरा, पाचव्या फेरीत निवडलेला, दुसऱ्याच वर्षातला पोरगा उभा केला आणि बाकीचे चौघे होते तिथेच ठेवले. सुपर बोलमध्ये प्रतिस्पर्धी पॅट्रियट्सना एकही सॅक मिळाला नाही, ईगल्स ४१-३३ने जिंकले. गंमत म्हणजे त्या दिवशी डावा गार्ड होता तोच विस्निएव्स्की. तिथे तो आपल्या जागेवर होता. तीन वर्षांनी टॅम्पात त्याला आणलं ते हलवलेल्या माणसाची जागा भरायला.

'वायटाई तर पोरगाच होता, मग म्हातारा कशाला हवा?' हा पुढचा प्रश्न लगेच येतो. बरोबर आहे. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की वयावर भांडू नका. पण वायटाई कोरा नव्हता. आदल्या वर्षी लेन जॉन्सनवर दहा सामन्यांची बंदी आली तेव्हा त्याने सहा सामने सुरुवातीपासून खेळले होते. त्याला शिकण्यासाठी दुसऱ्याच्या शिक्षेमुळे वेळ मिळाला. असा योग सगळ्यांना येत नाही, आणि दिवसेंदिवस कमीच येणार आहे. लीग आणि खेळाडूंच्या २०११च्या करारापासून हंगामात पॅड घालून सराव जास्तीत जास्त १४ वेळा करता येतो. खेळाडूंच्या डोक्यांच्या आणि सांध्यांच्या दृष्टीने हा नियम योग्यच, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. मात्र लाइनमनचं काम धक्का देऊन-घेऊनच येतं, आणि त्या १४ दिवसांतले बहुतेक धक्के पहिल्या पाचांच्या वाट्याला जातात. बाकावरचा पोरगा आठवडाभर बघत असतो. 'पोरांना खेळवा, शिकतील' असं म्हणणाऱ्यांनी ती शिकणार कुठल्या दिवशी तेही सांगावं. सामन्यातच, असं उत्तर असेल तर त्या शिकवणीची फी क्वार्टरबॅकच्या बरगड्यांतून जाते.

तरीही या तटाच्या पोतडीतला एक दाखला मला खरोखर अडचणीत टाकतो, तो जॉर्डन मायलाटाचा. सिडनीचा रग्बी खेळणारा मुलगा, आयुष्यात अमेरिकन फुटबॉल न खेळलेला, २०१८ला ईगल्सनी सातव्या फेरीत घेतला. आज तो खेळातल्या उत्तम डाव्या टॅकलांपैकी एक आहे. २०२०मध्ये मात्र ३८ वर्षांच्या पीटर्सला संघाने आधी गार्ड म्हणून परत आणलं, मग डावा टॅकल जखमी झाल्यावर टॅकल केलं. तो स्वतः जखमी झाला म्हणून मायलाटाला संधी मिळाली, त्याने ती साधली, आणि पीटर्स बरा होऊन आल्यावर पुन्हा पोराला हलवून म्हाताऱ्याला जागा दिली. काही आठवड्यांनी चूक सुधारली, तोवर हंगाम गेलाच होता. चार विजय, अकरा पराभव, एक बरोबरी. इथे जुना माणूस अडसर झाला हे मी मान्य करतो. फक्त एवढंच विचारतो की पहिली दोन वर्षं मायलाटाला एकही अधिकृत सामना न खेळता, घाई न होता, पायाची ठेवण पहिल्यापासून शिकायला मिळाली ती कुणामुळे? पुढे भरवशाची माणसं उभी होती म्हणून. पीटर्सला परत आणण्यात चूक नव्हती. उपयोग संपल्यावर आदराने बाकावर बसवण्याचं धाडस नव्हतं.

शरीर साथ देत नाही, हा दुसरा आक्षेप. तो तर उघडाच आहे. २०२३च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्स चौथ्याच चालीत टाच धरून बसला. त्या चालीत डावीकडे उभा असलेला डुएन ब्राउन ३८ वर्षांचा होता. पुढल्या वर्षी जेट्सनी ३३ वर्षांचा टायरन स्मिथ आणला, तोही दहा सामन्यांनंतर हंगामाला मुकला. आमच्याच चीफ्सनी २०२१ला निवृत्तीतून परत आणलेला काइल लाँग जूनमध्येच जखमी झाला आणि त्या हंगामात मैदानात उतरलाच नाही. पण जेट्सचे दोन्ही म्हातारे राखीव नव्हते, पहिल्या पसंतीचे होते. सतरा सामन्यांचा हंगाम झिजलेल्या गुडघ्यांवर उभा करणं हा जुगार आहे. तीन-चार सामन्यांपुरता तोच गुडघा हाताशी ठेवणं ही बेगमी. पावसाळ्याआधी कोठीत भरलेल्या धान्यावर वर्षभर पंगती उठवल्या आणि ते संपलं, तर दोष कोठीला देणार का?

आता हम्फ्रीज. ॲरिझोनाने २०१५ला पहिल्या फेरीत घेतलेला, प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाडूंत, निवडला गेलेला डावा टॅकल. २०२३च्या शेवटच्या दिवशी गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, मार्चमध्ये संघाने सोडून दिलं. चीफ्सकडे तो आला तेव्हा अकरा महिने सामना खेळला नव्हता. ८ डिसेंबरला चार्जर्सविरुद्ध तो डावीकडे उभा राहिला, आणि डावा गार्ड जो थूनी आपल्या गार्डच्या जागीच होता. चीफ्सनी शेवटच्या क्षणी, खांबाला आपटून आत गेलेल्या किकवर, १९-१७ असा सामना जिंकला आणि सलग नवव्यांदा विभाग जिंकला. पण शेवटाकडे हम्फ्रीजच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. पुढच्या सामन्यापासून थूनी डावा टॅकल आणि त्याच्या जागी माइक कॅलिएंडो, हीच मांडणी महत्त्वाच्या सामन्यांत सुपर बोलपर्यंत राहिली. एक-दोन सामन्यांसाठी एवढा खटाटोप, म्हणून थट्टा झाली.

मी थट्टा करणाऱ्यांना मागे न्यायला सांगेन, मे २०२३पर्यंत. तेव्हा चीफ्सनी डोनोव्हन स्मिथला एका वर्षासाठी घेतलं होतं. हाच स्मिथ टॅम्पाकडून २०२१च्या त्या रात्री समोरच्या बाजूला डावा टॅकल होता. तो आमच्याकडे आला, वर्षभर काम केलं, जखमी झाला, परत आला, आणि फेब्रुवारी २०२४ला चीफ्स जिंकले. मग त्याला परत बोलावलं नाही. डावी बाजू दुसऱ्या फेरीतून आलेल्या किंग्सली सुआमाटाया आणि दुसऱ्या वर्षातल्या वान्या मॉरिसवर सोडली, म्हणजे पहिल्या तटाला हवं तेच झालं, पोरांना खेळवलं. दुसऱ्याच सामन्यात सिनसिनाटीच्या ट्रे हेंड्रिक्सनने सुआमाटायाला असं फिरवलं की त्याला मध्येच बसवावं लागलं. मॉरिसने नोव्हेंबरपर्यंत ओढलं. सुआमाटाया वाईट खेळाडू नव्हता, पुढच्या वर्षी डावा गार्ड म्हणून तो चांगलाच रुजला. त्याला जी जागा नव्हती ती दिली होती. वसंतात तीस-बत्तीसचा एखादा टिकाऊ टॅकल घेतला असता, तर हम्फ्रीजच्या अर्ध्या बऱ्या गुडघ्याकडे वळायची वेळ आली असती का? नोव्हेंबरात बाजारात जे उरतं त्याच्या अंगावर काही ना काही ओरखडा असतोच, नाहीतर ते उरलं नसतं.

थूनीने डावीकडे कमाल केली हेही सांगायला हवं, नाहीतर मी माझ्या सोयीचंच सांगतोय असं होईल. जानेवारीत बफेलोला ३२-२९ने हरवलं ते याच मांडणीने. म्हणजे माणसं हलवून सामने जिंकता येतात, महिनाभरसुद्धा. पण ९ फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकदाही जादा माणूस न पाठवता, नुसत्या पुढच्या चौघांच्या जोरावर, माहोम्सला सहा वेळा पाडलं. पूर्वार्धात चीफ्सच्या आक्रमणाने अवघे २३ यार्ड मिळवले, धावफलक ईगल्सच्या बाजूने २४-०. दबाव एकट्या डावीकडून आला नाही, उजवीकडून आणि मधूनही आला. एखादा धडधाकट राखीव टॅकल असता तर चीफ्स जिंकले असते, असं मी म्हणणार नाही. दोन जागा एकदम कच्च्या नसत्या, एवढंच म्हणतो.

आणि समोरच्या बाकावर काय होतं? जेट्सनी पहिल्या फेरीत घेऊन टाकून दिलेला मेकाय बेक्टन ईगल्सनी एप्रिलमध्येच, हंगामाच्या कितीतरी आधी, स्वस्तात घेतला. टॅकलचा राखीव म्हणून आलेला माणूस उन्हाळाभर गार्डच्या जागी घडवला. त्या रात्री तो उजवा गार्ड होता. त्याच वर्षी मायलाटा मांडीच्या दुखापतीने चार सामने बाहेर होता. तेव्हा फ्रेड जॉन्सन त्याच्या जागी गेला. ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला, तीन संघ फिरून आलेला माणूस. शेजारच्या लँडन डिकरसनला कुणी टॅकल केलं नाही. ईगल्सनी चारही सामने जिंकले, आणि त्या चार आठवड्यांवर कुणी लेख लिहिला नाही.

'द्रविडला यष्टीमागे उभं केलंच होतं की!' असं आमच्या ग्रुपवर एक काका हमखास म्हणतात. केलं होतं, आणि २००३च्या विश्वचषकात भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण द्रविड त्याआधी वर्षभर ते काम करत होता, २००२च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यातही तोच यष्टीमागे होता. आदल्या आठवड्यात पार्थिव जखमी झाला म्हणून ग्लोव्ह्ज हातात दिले, असं झालं नव्हतं. काकांचा दाखला माझ्याच बाजूचा आहे, पण काकांना ते कोण सांगणार!

राहिला पैसा. हा मुद्दा एवढ्या आवेशाने मांडला जातो की ऐकणाऱ्याला वाटावं संघ कर्जबाजारी होतोय. २०२४ला प्रत्येक संघाची वेतनमर्यादा २५.५४ कोटी डॉलर होती. सात किंवा अधिक वर्षं खेळलेल्या खेळाडूचं किमान वेतन १२.१ लाख डॉलर, आणि एका वर्षाच्या किमान करारावर घेतलं तर मर्यादेत त्यातले फक्त ९.८५ लाख धरले जातात. जुन्या माणसांना दार बंद होऊ नये म्हणून लीग आणि खेळाडूंच्या संघटनेनेच ही सवलत ठेवली आहे. म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. हम्फ्रीज याहून महाग होता, तरी माहोम्सच्या ४५ कोटी डॉलरच्या कराराशेजारी तो आकडा दिसतही नाही. एवढंच कशाला, २०२०च्या करारात लीगने आणखी एक कलम घातलं. सामन्याच्या दिवशी निदान आठ लाइनमन तयार ठेवले तर एकूण ४८ खेळाडू उतरवता येतात, नाहीतर ४७. राखीव लाइनमनची किंमत नियमात लिहून ठेवली आहे, आणि आपण अजून भांडतोय की तो हवा का.

हम्फ्रीजचे एक-दोन सामने मोजून त्याला वाया गेला म्हणणारे, खरा राखीव गडी म्हणून अर्ल मोरॉलचं नाव घ्यायला विसरत नाहीत. १९७२ला मायामीने ३८ वर्षांच्या या क्वार्टरबॅकला अवघ्या १०० डॉलरच्या शुल्कावर उचललं, पाचव्या सामन्यात बॉब ग्रीसीचा पाय मोडला, मोरॉलने उरलेला साखळी हंगाम सांभाळला आणि संघ एकही सामना न हरता विजेता झाला. समजा ग्रीसीचा पाय मोडलाच नसता. मोरॉल वर्षभर बाकावर बसला असता, आणि आज त्याला कुणी ओळखलं नसतं. पण त्याला घेण्याचा निर्णय तेवढाच शहाणपणाचा राहिला असता. राखीव गड्याच्या बाबतीत आपण निर्णयाची परीक्षा निकालावरून घेतो, आणि तीही फक्त दुर्दैव आलं तेव्हाच्या निकालावरून.

२०२५च्या वसंतात फ्रेड जॉन्सन जॅक्सनव्हिलला गेला. ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, ईगल्सनी सातव्या फेरीची निवड देऊन त्याला परत आणलं. फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाने ती दोन ओळींची बातमी ग्रुपवर टाकली. खाली एकच प्रश्न आला, 'हा कोण?'